वरच्या वजनगटातील मल्लांची तुलना

वरच्या वजनगटातील मल्लांची तुलना म्हणजे साधारणतः ८६ किलो व त्याहून अधिक वजनाच्या कुस्तीगीरांची शरीरयष्टी, ताकद, दम, डावपेच आणि मागील कामगिरी यांच्या आधारे केली जाणारी पारख होय. गावच्या मैदानात कुस्ती जोडताना, तालमीत नवा पठ्ठा घेताना, महाविद्यालयाचा किंवा जिल्ह्याचा संघ निवडताना आणि पुढील हंगामात कोणता मल्ल वर येईल याचा अंदाज बांधताना ही पारख केली जाते. पश्चिम महाराष्ट्रात, विशेषतः सांगली, सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत, या विषयाला क्रीडाविषयक चर्चेपलीकडचे महत्त्व आहे. मल्ल घडविण्यासाठी शेतकरी कुटुंबे अनेक वर्षे खुराकाचा खर्च सोसतात. चुकीच्या पारखीमुळे हा खर्च वाया जातो आणि विषम जोडीमुळे तरुण मल्लाच्या शरीराला कायमची इजा होण्याचा धोका असतो.

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेला शिराळा तालुका वारणा आणि मोरणा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला आहे. 'बत्तीस शिराळा' या नावाने परिचित असलेले तालुक्याचे गाव नागपंचमीसाठी प्रसिद्ध आहे. वारणेच्या पलीकडे कोल्हापूर जिल्हा लागतो. त्यामुळे या भागातील होतकरू मल्लांचा ओढा पूर्वीपासून कोल्हापूरच्या तालमींकडे राहिला. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला राजाश्रय आणि १९१२ साली खुले झालेले खासबाग मैदान यांमुळे कोल्हापूर हे मल्लविद्येचे केंद्र बनले होते. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी यांसारख्या तालमींत खेड्यापाड्यांतील मुले राहून मेहनत करीत.

शिराळा तालुक्यातील पुनवत येथे १९३५ साली जन्मलेले गणपतराव आंदळकर हे या परंपरेचे ठळक उदाहरण होय. कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत त्यांची घडण झाली. १९६० साली त्यांनी 'हिंद केसरी' हा किताब मिळविला. १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत सर्वांत वरच्या वजनगटात त्यांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्णपदक आणि मुक्त प्रकारात रौप्यपदक मिळविले. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले आणि त्याच वर्षासाठी त्यांना अर्जुन पुरस्कार देण्यात आला. कुस्ती सोडल्यानंतर त्यांनी मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून अनेक मल्ल घडविले. २०१८ साली त्यांचे निधन झाले.

सांगली जिल्ह्यातीलच कवठेपिरान येथील मारुती माने यांनी जकार्ता येथे त्याखालच्या वजनगटात मुक्त प्रकारात सुवर्ण आणि ग्रीको-रोमन प्रकारात रौप्यपदक मिळविले. तेही पुढे १९६४ मध्ये हिंद केसरी झाले. एकाच जिल्ह्यातील, जवळजवळ एकाच वयाच्या या दोन मल्लांची पदके परस्परांच्या उलट आहेत. ग्रीको-रोमन प्रकारात कमरेखाली पकड घेता येत नाही. कमरेवरची पकड, छाती आणि खांदे यांची ताकद तेथे कामी येते. मुक्त प्रकारात पट काढणे, टांग मारणे, पायाला हात घालणे या गोष्टींना वाव असतो. दोन्ही मल्ल थोर होते, परंतु त्यांची सर्वांत मोठी यशे वेगवेगळ्या प्रकारांत आली. यावरून 'दोघांत मोठा कोण' या प्रश्नाला 'कोणत्या नियमांखाली' ही पुरवणी जोडावी लागते, हे दिसून येते.

वजनगट आणि स्पर्धांची रचना

आंतरराष्ट्रीय कुस्ती महासंघाच्या २०१८ पासूनच्या रचनेनुसार वरिष्ठ पुरुषांच्या मुक्त कुस्तीत ५७, ६१, ६५, ७०, ७४, ७९, ८६, ९२, ९७ आणि १२५ किलो असे दहा गट आहेत. ऑलिंपिकमध्ये यांपैकी ५७, ६५, ७४, ८६, ९७ आणि १२५ किलो हे सहाच गट खेळविले जातात. वीस वर्षांखालील मुलांसाठीही वरिष्ठांप्रमाणेच दहा गट आहेत. सतरा वर्षांखालील मुलांत सर्वांत वरचा गट ११० किलोंचा असतो.

सर्वांत वरच्या दोन गटांमधील अंतर ध्यानात घेण्यासारखे आहे. ९२ आणि ९७ या गटांत पाच किलोंचे अंतर आहे, तर ९७ आणि १२५ या गटांत अठ्ठावीस किलोंचे. साहजिकच १०२ किलो वजनाच्या मल्लापुढे दोन मार्ग असतात. वजन उतरवून ९७ किलो गटात खेळावे, किंवा आपल्याहून वीस-बावीस किलोंनी भारी असलेल्या प्रतिस्पर्ध्यांशी १२५ किलो गटात लढावे. या मल्लाचे भवितव्य बऱ्याच अंशी या एका निर्णयावर अवलंबून असते.

'महाराष्ट्र केसरी' स्पर्धेत मुख्य किताबासाठी ८६ ते १२५ किलो असा एकच विस्तृत गट असतो. या गटात माती आणि गादी असे दोन विभाग असून प्रत्येक विभागाचा विजेता अंतिम लढतीत समोरासमोर येतो. विजेत्यास चांदीची गदा दिली जाते. १९६१ साली औरंगाबाद येथे झालेल्या पहिल्या स्पर्धेत दिनकर दह्यारी विजयी झाले होते. ८८ किलोंचा मल्ल आणि १२० किलोंचा मल्ल या गटात एकमेकांसमोर येऊ शकतात. म्हणून केवळ वजनावरून येथे कौल देता येत नाही.

गावोगावच्या जत्रा-यात्रांतील मैदाने ही तिसरी पद्धत होय. तेथे बाद फेऱ्या नसतात. यात्रा समिती आणि जाणकार वस्ताद आधीच कुस्त्या जोडतात, इनामाची रक्कम ठरवितात आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या क्रमांकाच्या कुस्त्या जाहीर करतात. दोन्ही मल्ल तोडीस तोड असले म्हणजे त्या कुस्तीला 'काटाजोड' म्हणतात. मैदानाची रंगत आणि समितीचा लौकिक कुस्ती कशी जोडली यावर ठरतो, त्यामुळे मल्लांची तुलना हे तेथे प्रत्यक्ष कामाचे ज्ञान असते.

माती आणि गादी

तालमीतील हौद्यात तांबडी माती चाळून तीत हळद, ताक, लिंबाचा रस, तेल इत्यादी मिसळले जाते. मातीत पाय किंचित रुततो, हालचाल मंदावते आणि अंगाला माती लागल्यावर पकड घट्ट बसते. परंपरेने मातीवरच्या कुस्तीचा निकाल चितपटीने लागत असे. त्यामुळे भारी वजनाचा, पक्क्या बैठकीचा आणि संयमी मल्ल मातीत फायद्यात असतो. तो प्रतिस्पर्ध्याला दमवून, कब्जा घेऊन, योग्य वेळी घिस्सा, ढाक किंवा मोळी अशा डावाने आस्मान दाखवितो.

गादीवरील लढत प्रत्येकी तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत होते आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती असते. लढतीचे वर्तुळ नऊ मीटर व्यासाचे असते. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन ताबा मिळविल्यास दोन गुण, वर्तुळाबाहेर काढल्यास एक गुण, उभ्यावरून फेकून थेट धोक्याच्या स्थितीत आणल्यास चार गुण आणि भव्य फेकीस पाच गुण मिळतात. मुक्त प्रकारात दहा गुणांची आघाडी होताच लढत थांबवून तांत्रिक श्रेष्ठतेने विजय दिला जातो. निष्क्रिय राहणाऱ्या मल्लास पंच ताकीद देतात व पुढे तीस सेकंदांच्या अवधीत गुण मिळविण्याचे बंधन घालतात. या नियमांमुळे गादीवर चपळाई, सततचा हल्ला आणि वर्तुळाच्या कडेचे भान यांना मोल येते. मातीत वाट पाहणे हा गुण ठरतो. गादीवर तोच दोष ठरू शकतो.

तुलनेचे निकष

शरीरयष्टी : उंची, हाताची लांबी, मांड्यांचा आणि मानेचा भरीवपणा, तसेच वजनातील स्नायूंचे व चरबीचे प्रमाण पाहिले जाते. केवळ काट्यावरचे वजन फसवे असते. शरीर मोठे होत जाते तशी ताकद वाढते, परंतु वजन ज्या प्रमाणात वाढते त्या प्रमाणात ती वाढत नाही. म्हणून स्वतःच्या वजनाच्या तुलनेत हलक्या गटातील मल्ल अधिक ताकदवान आणि चपळ असतो. भारी मल्लाला आपलेच शरीर सहा मिनिटे वागवावे लागते, ही त्याची पहिली कसोटी असते.

ताकद : जोर आणि बैठकांची संख्या तालमीत अभिमानाने सांगितली जाते. तथापि जोर-बैठकांतून येणारी सहनशक्ती आणि प्रतिस्पर्ध्याला एका झटक्यात उचलण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचा अंदाज लढतीतच येतो. प्रतिस्पर्धी खाली बसून बचाव करीत असताना मल्ल त्याला हलवू शकतो की नाही, हे पाहणे उपयुक्त ठरते.

दम : वरच्या वजनगटात सर्वाधिक फरक पाडणारा हा घटक आहे. पहिल्या दोन मिनिटांत वाघासारखे तुटून पडणारे अनेक मल्ल पाचव्या मिनिटाला कमरेवर हात ठेवून उभे राहतात. त्यामुळे मल्लाने मिळविलेल्या गुणांपैकी किती दुसऱ्या फेरीतील आहेत आणि गमावलेल्या गुणांपैकी किती शेवटच्या मिनिटातील आहेत, हे मोजल्यास बरेच कळते.

डाव आणि प्रतिडाव : प्रत्येक मल्लाचा एखादा हुकमी डाव असतो. कोणी एकेरी पटात तरबेज असतो, कोणी ढाकेत, तर कोणी भारंदाजात. एकच हुकमी डाव असणारा मल्ल पहिल्या हंगामात चमकतो. दुसऱ्या हंगामात प्रतिस्पर्धी त्याचा तोड शोधून येतात. म्हणून पुढील वर्षाचा अंदाज बांधताना हुकमी डावाबरोबर त्याला जोडून येणारा दुसरा डाव आहे का, हे पाहणे महत्त्वाचे असते. पट अडला की लगेच बगलडूब करून पाठीमागे जाणारा मल्ल अडविण्यास अधिक कठीण असतो.

बचाव : प्रेक्षकांचे लक्ष हल्ल्याकडे असते, जाणकारांचे बचावाकडे. खाली आल्यावर मल्ल किती वेळा फिरविला जातो आणि पायाला हात घातल्यावर किती वेळा सुटतो, यावरून त्याची पक्वता कळते.

प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा : एका हंगामातील वीस विजय ही संख्या स्वतंत्रपणे फारसे सांगत नाही. ते कोणावर मिळविले, मातीत की गादीवर, चितपटीने की निसटत्या गुणांनी, हे कळल्याशिवाय दोन मल्लांच्या विजयांची तुलना करता येत नाही. दोघांनी ज्यांच्याशी कुस्ती केली आहे अशा समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी हा त्यातल्या त्यात भरवशाचा पुरावा असतो.

दुखापती : गुडघा, खांदा, मान आणि कंबर हे मल्लाचे दुखरे भाग होत. मल्लाचा दुमडलेला कान हे जुन्या मेहनतीचे लक्षण मानले जाते आणि त्याने लढतीत फारसे अडत नाही. गुडघ्याची जुनी दुखापत मात्र भारी मल्लाच्या बाबतीत अधिक गंभीर असते, कारण त्या सांध्यावर रोजच शंभर किलोंहून अधिक भार असतो.

महाविद्यालयीन मल्ल

शिराळा परिसरातील महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. १९६२ साली कोल्हापूर येथे स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात कोल्हापूर, सांगली व सातारा हे कुस्तीची परंपरा असलेले तिन्ही जिल्हे आहेत. त्यामुळे येथील आंतरमहाविद्यालयीन कुस्ती चुरशीची असते. त्यांतून निवडलेला संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. २०२० पासून 'खेलो इंडिया' विद्यापीठ क्रीडास्पर्धांचीही त्यात भर पडली आहे.

महाविद्यालयीन मल्लांची तुलना दोन कारणांनी अवघड असते. पहिले कारण वय. अठरा ते बावीस या वर्षांत शरीर भरत असते. अठराव्या वर्षी ८६ किलो असलेला मुलगा विसाव्या वर्षी ९७ किलो गटात स्थिरावलेला दिसू शकतो. ही वाढ नैसर्गिक असेल तर ती पुढच्या यशाची खूण असते; केवळ वरच्या गटातील मोकळ्या जागेसाठी घाईने वाढविलेले वजन दम घालविते. दुसरे कारण दुहेरी जीवन. बहुतेक मुलांचे नाव महाविद्यालयाच्या पटावर आणि मुक्काम तालमीत असतो. पहाटेची मेहनत, दुपारचे वर्ग, सायंकाळची लढत आणि सुट्टीतील मैदाने यांचा मेळ बसविताना परीक्षेचा काळ किंवा विश्रांतीचा काळ कोठेतरी कमी पडतो.

या टप्प्यावरची अचूक पारख किती दूरगामी ठरू शकते याचे उदाहरण वरच्या नव्हे, खालच्या वजनगटातले आहे. कराडजवळील गोळेश्वर येथे १९२६ साली जन्मलेले खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीची फारशी सवय नसताना त्यांनी फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळविला. पदक न मिळालेल्या या निकालातच पुढची शक्यता दिसत होती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैशांची अडचण उभी राहिली, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बॅंटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. त्याच स्पर्धेत कोल्हापूरच्या केशव माणगावे यांचे पदक थोडक्यात हुकले आणि ते चौथे आले.

अंदाज आणि प्रत्यक्ष

अलीकडच्या काळातील काही निकालांवरून पुढील हंगामाच्या अंदाजाची बलस्थाने आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात.

कोल्हापूर जिल्ह्याचा पृथ्वीराज पाटील याने ऑगस्ट २०२१ मध्ये रशियातील उफा येथे झालेल्या कनिष्ठ जागतिक स्पर्धेत ९२ किलो गटात कांस्यपदक मिळविले. एप्रिल २०२२ मध्ये सातारा येथे झालेल्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत त्याने विशाल बनकर याच्यावर ५–४ अशी मात केली. कनिष्ठ गटातील आंतरराष्ट्रीय यशावरून पुढच्या हंगामाचा अंदाज बांधणाऱ्यांचे म्हणणे येथे खरे ठरले. मात्र ५–४ हा गुणफलक पाहिला तर अंदाज खरा आणि खोटा ठरण्यात एका गुणाचे अंतर होते, हेही नोंदवावे लागते.

याउलट उदाहरण २०२३ सालचे आहे. जानेवारीत पुणे येथे झालेल्या स्पर्धेत शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोन स्वतंत्र स्पर्धा भरल्या. फुलगाव येथील अंतिम लढतीत सिकंदर शेख याने राक्षेला हरविले, तर काही दिवसांनी धाराशिव येथील स्पर्धेत राक्षे पुन्हा विजेता ठरला. एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाल्याने केवळ किताबांची यादी समोर ठेवून मल्लांची तुलना करणे अपुरे आहे, हे या प्रसंगातून दिसून आले.

नरसिंग यादव याने २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीचा मान मिळविला. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत त्याने कांस्यपदक जिंकले, ते ७४ किलो गटात. राज्यातील भारी मल्लांच्या किताबाचा मानकरी जागतिक पातळीवर मधल्या गटात खेळत होता, ही गोष्ट वजनापेक्षा तंत्राला आणि गतीला महत्त्व देणाऱ्यांच्या बाजूची आहे.

त्याआधीच्या पिढीतील दादू चौगुले यांचे उदाहरण भारी वजनाच्या बाजूचे आहे. १९७० व १९७१ मध्ये महाराष्ट्र केसरी झालेल्या चौगुले यांनी १९७४ च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सर्वांत वरच्या गटात रौप्यपदक मिळविले. त्यांचे पुत्र विनोद चौगुले हेही २००० साली महाराष्ट्र केसरी झाले.

एक कल्पित तुलना

निकष एकत्र कसे वापरावेत हे पुढील कल्पित उदाहरणावरून समजू शकते. 'क' हा वीस वर्षांचा, १२२ किलो वजनाचा, मातीत तयार झालेला मल्ल आहे. त्याच्या बहुतेक कुस्त्या पहिल्या दोन मिनिटांत चितपटीने निकाली झाल्या. ज्या लांबल्या त्या तो हरला. 'ख' हा बावीस वर्षांचा, ९५ किलो वजनाचा महाविद्यालयीन मल्ल आहे. तो गादीवर सहा मिनिटे टिकतो, दोन-तीन गुणांच्या फरकाने जिंकतो आणि मागील वर्षी त्याचा गुडघा दुखावला होता.

यात्रेच्या मैदानात 'क'ला पसंती मिळेल, कारण तेथे निकाली कुस्तीचे मोल अधिक असते. राष्ट्रीय निवड स्पर्धेत हे दोघे समोरासमोर येणारच नाहीत. 'ख' ९७ किलो गटात आणि 'क' १२५ किलो गटात खेळेल, आणि प्रत्येकाची तुलना त्या त्या गटातील इतरांशी करावी लागेल. महाराष्ट्र केसरीच्या विस्तृत गटात मात्र त्यांची गाठ पडू शकते. 'क' मातीतून आणि 'ख' गादीतून वर आला असे धरल्यास निर्णायक प्रश्न एकच उरतो : 'ख' पहिली दोन मिनिटे तग धरील काय? तग धरल्यास लढत त्याच्याकडे झुकते. आता पुढील हंगामाचा विचार केला, तर 'क'चा दोष दमाचा आहे आणि दम हा मेहनतीने वाढणारा गुण आहे. 'ख'ची अडचण गुडघ्याची आहे आणि ती मेहनतीने वाढूही शकते. म्हणून आज 'ख' सरस असला तरी वाढीची शक्यता 'क'मध्ये अधिक आहे, असे म्हणता येईल. 'क' पावसाळ्यात वजन आणखी वाढवितो की पळण्याची व लढतीची मेहनत वाढवितो, यावर हा अंदाज खरा ठरणे अवलंबून राहील.

दिवाळीनंतर सुरू होणारा यात्रांचा हंगाम चैत्र-वैशाखात भरास येतो आणि पावसाबरोबर ओसरतो. शिराळ्याच्या पश्चिम भागात पावसाचे प्रमाण मोठे असल्याने त्या काळात मैदाने भरत नाहीत. तो तालमीतील मेहनतीचा आणि जुन्या दुखापती बऱ्या करण्याचा काळ असतो. मल्लाचा पुढचा हंगाम या तीन-चार महिन्यांत घडतो, परंतु प्रेक्षकांना तो दिसत नाही. वस्तादाचा अंदाज प्रेक्षकांच्या अंदाजापेक्षा अनेकदा बरोबर येतो त्याचे हे एक कारण आहे.

महिला कुस्ती

महिलांच्या आंतरराष्ट्रीय कुस्तीत सर्वांत वरचा गट ७६ किलोंचा आहे. मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगली येथे झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने तो मान मिळविला. मुलींच्या बाबतीत तुलनेसाठी मागील पिढ्यांचा इतिहास हाताशी नाही. अनेक गावांत मुलींना जोड मिळत नसल्याने त्या मुलांबरोबर सराव करतात. त्यामुळे त्यांच्या मैदानी कुस्त्यांच्या संख्येपेक्षा वयोगटांच्या अधिकृत स्पर्धांतील कामगिरी हा अधिक विश्वसनीय आधार ठरतो.

मर्यादा आणि आक्षेप

मल्लांच्या तुलनेत काही ठरावीक चुका आढळतात. पहिली चूक म्हणजे आकाराचा मोह. उंच, धिप्पाड मुलगा दिसला की त्याला भावी केसरी म्हटले जाते आणि त्याच्यावर अपेक्षांचे ओझे पडते. महाराष्ट्राला आंतरराष्ट्रीय पातळीवर मिळालेल्या मोठ्या यशांपैकी काही हलक्या गटांतील आहेत. खाशाबांचे पदक ५७ किलो गटातील होते; बीड जिल्ह्यातील राहुल आवारे याने २०१८ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक जिंकले. गदेच्या आकर्षणामुळे ज्या मुलाची नैसर्गिक ठेवण ७४ किंवा ७९ किलोंची आहे त्याला खुराक वाढवून ८६ किलोंवर नेले, तर तो दोन्ही गटांत दुय्यम ठरण्याचा संभव असतो.

दुसरी चूक वजनाच्या घाईची. स्पर्धेआधी पाणी तोडून चार-पाच किलो उतरविणे किंवा थोड्या महिन्यांत अवाजवी वजन चढविणे, या दोन्ही गोष्टी आरोग्यास घातक आहेत. झटपट वजनवाढीसाठी उत्तेजकांचा आधार घेतल्यास शरीराची हानी होते आणि चाचणीत दोषी ठरल्यास मल्लाची उमेदीची वर्षे बंदीत जातात.

तिसरी चूक विषम जोडीची. मैदानात नावाजलेल्या मल्लासमोर वजनाने आणि अनुभवाने कमी असलेला तरुण उभा केला, तर कुस्ती लवकर निकाली होते. पण तरुणाच्या मानेला किंवा गुडघ्याला झालेली इजा त्याला पुढे अनेक वर्षे पुरते. बहुतेक मल्ल शेतकरी घरांतील असतात. दूध, तूप, बदाम यांचा खर्च, तालमीतील मुक्काम आणि प्रवास यांसाठी घराने काढलेले पैसे मुलाच्या शरीरावरच उभे असतात. म्हणून जोड ठरविताना वजन, वय आणि मागील दुखापत या तीन गोष्टी विचारात घेणे हा पारखीचा आद्य नियम मानला जातो.

मल्लांच्या तुलनेचा उपयोग केवळ विजेता आधी ओळखण्यापुरता नाही. कोणत्या मुलाने कोणत्या गटात खेळावे, त्याने माती धरावी की गादी, यंदा उतरावे की एक हंगाम थांबावे आणि कुस्तीबरोबर शिक्षण कोठवर न्यावे, हे निर्णय या पारखीवर घेतले जातात. महाराष्ट्र केसरीचा मान दरवर्षी एका-दोघांनाच मिळतो. त्यासाठी मेहनत करणाऱ्या इतर मल्लांच्या दृष्टीने या निर्णयांचे महत्त्व अधिक आहे.